भूमध्य समुद्राकाठचे प्रार्थना कीटक: कोण कुठे सापडतो आणि का

प्रश्न असा आहे: एप्रिलच्या शेवटी दक्षिण स्पेनमध्ये, ग्रनादाजवळच्या कोरड्या टेकडीवर, डोक्यावर सुळका असलेला तपकिरी प्रार्थना कीटक (मँटिस) दिसला. पुस्तकांत दिसणाऱ्या हिरव्या युरोपीय मँटिसचंच हे पिल्लू का? आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत अशा किती जाती आहेत, कोणती कुठे मिळते, ओळखायची कशी?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. नाही. तो एम्पूसा पेनाटा, आणि त्याचं कुळही वेगळं. आपल्या दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडणारा, कोरड्या पानासारखा दिसणारा व्हायोलिन मँटिस हा त्याचा नातेवाईक. हिरव्या मँटिसशी त्याचं नातं त्याहून लांबचं. ओळख पटवायला सुळकासुद्धा लागत नाही, तारीख पुरते. एप्रिलमध्ये त्या टेकडीवरचा मँटिस रिलिजिओसा, म्हणजे तोच हिरवा युरोपीय मँटिस, अजून अंड्यात असतो. त्याची पिल्लं मे-जूनमध्ये बाहेर पडतात आणि पूर्ण वाढलेले कीटक जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत दिसतात. एम्पूसाचं पंचांग बरोबर उलटं. मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालते, तीन-चार आठवड्यांत पिल्लं निघतात, अर्धवट वाढलेली पिल्लं झुडपांत हिवाळा काढतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांना पंख येतात. म्हणून वसंतात मोठा, पंखवाला मँटिस दिसला तर आधी एम्पूसा आठवावा, आणि शरद ऋतूत पोट पाठीवर वळवून बसलेलं काटकुळं पिल्लू दिसलं तरीही.

दुसऱ्या भागाचं उत्तर लांबतं. युरोपात सुमारे चाळीस जाती धरतात. उत्तर आफ्रिका आणि पूर्वेकडचा लेव्हंटचा (सीरिया, लेबनॉन, इस्रायलचा) पट्टा जोडला की आकडा बराच वाढतो, कारण तिथे वाळवंटी जाती सुरू होतात. पण नुसती यादी पाठ करून काही साधत नाही. प्रत्येक जातीला दोन प्रश्न विचारावेत: मादीला उडता येतं का, आणि हिवाळा कोणत्या अवस्थेत जातो? बहुतेक नकाशा या दोन उत्तरांतून उलगडतो. जिथे उलगडत नाही तिथे तिसरी गोष्ट शोधावी: अंड्यांची पेटी माणसाने उचलून नेली का?

अंड्यांची पेटी म्हणजे मादी फेसात अंडी घालते आणि फेस वाळून जे घट्ट कवच होतं ते. पुढे तिला नुसती पेटी म्हणतो. ही पेटी नीट ओळखता आली तर हिवाळ्यातसुद्धा, एकही कीटक न पाहता, त्या जागी कोण राहतं ते सांगता येतं.

मँटिस रिलिजिओसापासून सुरुवात करू. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेली ही जात पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंत सगळीकडे आहे, आफ्रिकेत आहे, आशियात आहे, भारतातही आहे. खात्रीची खूण पुढच्या पायाच्या खांद्याजवळच्या भागावर, आतल्या बाजूला असते: काळा गोल ठिपका, पुष्कळदा मधोमध पांढरा. रंगावर जाऊ नये. हिरवे, पिवळसर आणि तपकिरी असे तिन्ही रंग एकाच शेतात सापडतात. लहान पिल्लांत हा ठिपका स्पष्ट नसतो, म्हणून जूनमधल्या सेंटिमीटरभर पिल्लाच्या फोटोवरून छातीठोकपणे नाव सांगू नये.

हिवाळ्यात हा पूर्णपणे पेटीत असतो. पेटी सुमारे चार सेंटिमीटर लांब, फुगीर, स्पंजासारखी; आत साधारण १०० ते २०० अंडी. गवताच्या काडीवर, झुडपाच्या बुंध्याशी, दगडावर, भिंतीवर, कुठेही. फेसातली हवा थंडी अडवते, त्यामुळे कडक थंडीही अंडी सोसतात. म्हणून ही जात जर्मनीतही राहते. तिथला कायझरश्टूल हा उबदार टेकड्यांचा भाग तिचं जुनं ठिकाण. उत्तरेकडची हद्द ठरते ती मुख्यतः उन्हाळ्यावर. मे-जूनमध्ये निघालेल्या पिल्लाला थंडी पडायच्या आत पाच-सहा वेळा कात टाकून, मोठं होऊन, जोडी जमवून अंडी घालायची असतात. उन्हाळा लहान आणि ढगाळ गेला तर वेळ पुरत नाही. उन्हाळे तापत चालले तशी ही जात उत्तरेकडे सरकते आहे, त्याचं कारणही हेच.

दुसरी मोठी, सगळीकडची जात इरिस ओराटोरिया. हिलाही लिनियसनेच १७५८ मध्ये नाव दिलं. भूमध्य मँटिस म्हणतात ती हीच. बसलेली असताना मँटिस रिलिजिओसासारखीच हिरवी दिसते, म्हणून सर्वात जास्त चुका इथे होतात. मादीचे पंख पोटाच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, पायावर काळा ठिपका नसतो, आणि पोटाखाली शेवटाकडच्या भागात नारिंगी ठिपका असतो. डिवचली तर मागचे पंख उघडते, आणि त्यांवर डोळ्यासारखे मोठे निळे-काळे गोल दिसले की शंका उरत नाही. पेटी अरुंद, लांबट, बाहेरून गुळगुळीत; दगडाखाली, भिंतीच्या फटीत, झाडाच्या सालीवर. एका पेटीतली सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. काही पहिल्या वर्षी, काही पुढच्या. एक हंगाम कोरडा गेला तरी वंश टिकतो, आणि नव्या मुलखात पाय रोवायलाही हे उपयोगी पडतं. १९३० च्या दशकापासून ही जात कॅलिफोर्नियात आहे. मँटिस रिलिजिओसा तर त्याआधीच, १८९९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सापडला. दक्षिण युरोपातून आलेल्या रोपांबरोबर पेट्या गेल्या असं मानतात. जड पोटाची मादी शंभर मीटर उडणार नाही, पण तिची पेटी महासागर ओलांडते.

आता उलट टोक पाहू. आप्टेरोमँटिस आप्टेरा: नर-मादी दोघांनाही पंख नाहीत, डोळे शंकूसारखे टोकदार, अंगाने काडीसारखी, तीन सेंटिमीटरच्या आसपास. जगात फक्त आयबेरियन द्वीपकल्पात (स्पेन-पोर्तुगालमध्ये), तिथल्या कोरड्या गवताळ उतारांवर आणि बुटक्या झुडपांत. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाने हिला संरक्षण दिलं आहे, त्यामुळे परवान्याशिवाय पकडू नये, फोटो पुरतो. हीसुद्धा पिल्लाच्या रूपात हिवाळा काढते आणि वसंताच्या शेवटी मोठी होते. गवताच्या काडीला समांतर बसली की दोन हातांवरून दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी ती 'नाही' असं नोंदलं गेलं ते लोक ऑगस्टमध्ये शोधायला गेले म्हणून. ऑगस्टमध्ये तिचा हंगाम संपलेला असतो.

या दोन टोकांच्या मधे आमेलेस हा गट येतो, आणि भूमध्य प्रदेशाची खरी विविधता इथेच आहे. दोन-तीन सेंटिमीटरचे, मातकट, चपळ कीटक. नराला पूर्ण पंख असतात आणि तो रात्री दिव्यावर येतो. मादीला नावापुरते खवले, पोट जाड आणि बरेचदा वर वळलेलं. एकाच जातीचे नर-मादी शेजारी ठेवले तरी नवख्याला दोन वेगळे कीटक वाटतात. दोन जाती सर्वत्र भेटतात: आमेलेस स्पालान्झानिया, जिचे डोळे टोकदार, आणि आमेलेस डेकोलोर, जिचे डोळे गोल. समोरून नव्हे, बाजूने पाहावं. समोरून टोक दिसत नाही. त्यांच्या भोवती लहान मुलुखांच्या जाती विखुरल्या आहेत, कुणी स्पेनची, कुणी सार्डिनियाची, कुणी ग्रीस-तुर्कस्तानची, कुणी सायप्रसची. हिमयुगात उत्तर युरोप गारठला तेव्हा आयबेरिया, इटली आणि बाल्कन ही तीन द्वीपकल्पं आसरा ठरली. उडणाऱ्या जाती नंतर पुन्हा एकमेकींत मिसळल्या. मादी जिथल्या तिथे राहणाऱ्या जाती आपापल्या डोंगरात वेगळ्या होत गेल्या. बेटांवर तर हे आणखी ठळक. आमेलेसच्या जवळचा स्यूडोयेर्सिनिया हा आखूड पंखांचा गट पाहा: भूमध्य समुद्राबाहेर, कॅनरी बेटांवर, त्याच्या बेटागणिक वेगवेगळ्या जाती आहेत. या दोन गटांची सीमा कुठे आखायची यावर वर्गीकरणवाल्यांचं अजून एकमत नाही. म्हणून जुन्या आणि नव्या यादीत एकच कीटक दोन नावांनी आढळला तर गडबडू नये.

ज्यांना उडता येत नाही त्या लहान मुलखात अडकतात, या नियमाला एक चोख अपवाद आहे. जिओमँटिस लार्वॉइडिस हासुद्धा दोन्ही लिंगांत बिनपंखी, नावाप्रमाणे आयुष्यभर पिल्लासारखाच दिसणारा, जमिनीवर पळणारा. तरी तो पोर्तुगाल-स्पेनपासून फ्रान्सचा दक्षिण किनारा, इटली ते ग्रीस असा पसरलेला आहे. पेट्या दगडांना चिकटलेल्या असतात, आणि भूमध्य प्रदेशात माणूस हजारो वर्षं दगड, माती, रोपं, सरपण गलबतांतून इकडून तिकडे नेत आला आहे. माझ्या मते या विस्ताराचा काही भाग तरी त्या मालवाहतुकीने घडवला असावा. आप्टेरोमँटिसला ही संधी का मिळाली नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

जमिनीवरच्या जातींत रिवेटिना बेटिका वेगळीच. तिचं नाव रोमन काळातल्या बेटिका प्रांतावरून, म्हणजे आजच्या अंदालुसियावरून. मादीच्या पोटाच्या टोकाशी खालून दोन काटे असतात. त्यांनी माती उकरून ती पेटी जमिनीत पुरते. म्हणून झुडपांत किंवा दगडाखाली हिची पेटी शोधण्यात अर्थ नाही. सपाट, उघडी, घट्ट माती आणि तुरळक झुडपं हे हिचं घर. सतत नांगरलेल्या रानातून ती नाहीशी होते. बाल्कनपासून पूर्वेकडे तिच्यासारख्याच कोरड्या माळांवर बोलिव्हारिया ब्रॅकिप्टेरा भेटते, आणि तिचा विस्तार थेट मध्य आशियात जातो. पश्चिमेकडे, दक्षिण फ्रान्स, स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत, पर्लामँटिस आलिबेर्ती: जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा, दिवसा सहसा न सापडणारा. त्याचे नर दिव्याखालीच मिळतात.

एम्पूसाची फाळणी इटलीत होते. पश्चिमेला आणि दक्षिणेला पेनाटा. ईशान्य इटलीपासून बाल्कन, ग्रीस, तुर्कस्तानपर्यंत फासिआटा. दोघांच्या नरांना पिसासारख्या दुहेरी दातांच्या मिशा असतात, दोघांच्या डोक्यावर सुळका, मांड्यांवर पानासारख्या झालरी. फोटोवरून वेगळे करणं अवघड, म्हणून जागा लिहिल्याशिवाय एम्पूसाची नोंद अर्धीच धरावी. उत्तर आफ्रिकेत तिसरी, एम्पूसा गुटुला, आणि तिच्या शेजारी ब्लेफारोप्सिस मेंडिका: पांढऱ्या-हिरव्या नक्षीची, वाळवंटी झुडपांवरची. तिचा पट्टा कॅनरी बेटांपासून अरबस्तान ओलांडून भारताच्या वायव्य भागापर्यंत येतो. त्याहून दक्षिणेला खडकाळ वाळवंटात एरेमियाफिला: पंखांचे नुसते खुंट, रंग हुबेहूब खड्यासारखा. तो हलेपर्यंत दिसत नाही, म्हणून उभं राहून वाट पाहणं हीच त्याला शोधण्याची रीत.

नावांचंही एक गमतीचं. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांसमध्ये 'देवाची प्रार्थना करणारा', स्पेनमध्ये 'संत तेरेसा', ग्रीसमध्ये 'मेरीमातेचा घोडा', तुर्कस्तानात 'पैगंबराचा उंट', अरबीत 'पैगंबराची घोडी'. मराठीत काही ठिकाणी याला खंडोबाचा किडा म्हणतात. किनारा कुठलाही असो, देवाचं नाव सुटलेलं नाही.

नवे पाहुणे हा आता गंभीर विषय आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत इटली, बाल्कन आणि दक्षिण फ्रान्समध्ये आशियातले हिरोडुला पसरले. हिरोडुला टेनुइडेंटाटा आणि हिरोडुला पॅटेलिफेरा अशा दोन जाती. महाराष्ट्रातल्या बागांत हिरोडुला गटाचे जाड, हिरवे मँटिस पाहिलेल्याला मिलानच्या उद्यानातला कीटक ओळखीचाच वाटेल. मँटिस रिलिजिओसा गवतात आणि बुटक्या झुडपांत राहतो. हिरोडुला झाडांवर, कुंपणांवर, शहरात. अंगाने जास्त दणकट, पुढच्या पंखावर मधे फिकट ठिपका, पायावर काळा ठिपका नाही. हिरोडुलाच्या दोन जातींतला फरक पायाच्या त्याच आतल्या भागावर पाहावा: पॅटेलिफेराला मोजके, मोठे, थाळीसारखे फिकट उंचवटे, टेनुइडेंटाटाला बारीक आणि संख्येने जास्त. दक्षिण स्पेनमधला आफ्रिकी स्फोड्रोमँटिस व्हिरिडिस यांच्याशी सहज गल्लत होण्याइतका सारखा आहे, त्यालाही पंखावर पांढरा ठिपका असतो. अशा वेळी एका फोटोवर निकाल देऊ नये. आफ्रिकेतला मायोमँटिसही पोर्तुगालमध्ये पोचला आहे. या सगळ्यांचं वाहन एकच: रोपवाटिकेची झाडं, कुंड्या, लाकडी पेट्या, मालगाड्या. शिवाय पाळण्यासाठी विकत घेतलेल्या कीटकांची अंडी बागेत सोडणारेही असतात. ते करू नये.

नोंद करायची असेल तर कॅमेरा कसा वापरायचा ते सांगतो, कारण मागाहून दुरुस्ती होत नाही. पाठीवरून काढलेला सुंदर फोटो बहुतेकदा निरुपयोगी असतो. हवेत ते हे: डोकं बाजूने, म्हणजे डोळ्याचा आकार दिसतो, पुढचा पाय आतून, त्यासाठी कीटकासमोर बोट हलवलं की तो पाय उघडतो, पोटाची खालची बाजू, आणि शक्य झाल्यास मागचा पंख. पोटाखाली दिसणाऱ्या पट्ट्या मोजल्या की लिंग कळतं: मादीला सहा, नराला आठ. पंख आखूड दिसले तर आधी ठरवा की हे पिल्लू आहे की आखूड पंखांचा प्रौढ. पिल्लाच्या पंखांच्या कळ्या जाड आणि पाठीला चिकटलेल्या असतात, शिरा स्पष्ट नसतात. प्रौढाचा पंख आखूड असला तरी पातळ, शिरांचा आणि सुटा हलणारा असतो. हे न पाहिल्यामुळे आमेलेसच्या माद्या 'अनोळखी पिल्लू' म्हणून नोंदवल्या जातात. फोटोसोबत तारीख, गाव, उंची, उताराची दिशा आणि वनस्पती लिहा. रोझमेरी, थाइम, लव्हेंडर की नुसतं गवत, याने फरक पडतो.

शोधताना एकाच पद्धतीवर विसंबू नये. जाळी झुडपांवरून फिरवली तर आमेलेसची आणि एम्पूसाची पिल्लं येतात, पण जिओमँटिस आणि रिवेटिना हाती लागत नाहीत. ते जमिनीवर असतात आणि चाहूल लागताच पळतात. त्यांच्यासाठी हळू चालत, सावली पुढे पडू न देता पाहावं लागतं. दिवा लावला की नरच जास्त येतात. माद्या कमी किंवा आल्याच नाहीत म्हणून तिथे माद्या नाहीत असा अर्थ काढू नये. वाऱ्याच्या आणि पौर्णिमेच्या रात्री दिव्याखाली फारसं काही मिळत नाही. हिवाळ्यात दगड उलटून पेट्या पाहा आणि प्रत्येक दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने, परत ठेवा. उलटा राहिलेला दगड म्हणजे उन्हात-पावसात उघडी पडलेली पेटी.

पेटी उबवून पाहायची असेल (संरक्षित जात नाही आणि स्थानिक नियम आड येत नाहीत याची खात्री करूनच), तर काडीसकट कापा आणि मूळ दिशेनेच टांगा, कारण पिल्लं पेटीतून धाग्यांना लोंबकळत खाली उतरतात आणि पहिली कात तिथेच टाकतात. खाली आठ-दहा सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर ती वाकडी होऊन मरतात. मँटिस रिलिजिओसाची पेटी घरात ठेवू नका. हिवाळ्यात उबदार खोलीत अंडी अवेळी फुटतात आणि दीडशे पिल्लांना खायला एक माशीही मिळत नाही. ती बाहेर, पावसापासून आडोशाला, वसंतापर्यंत थंडीतच राहू द्यावी. एम्पूसाची पेटी अगदी वेगळी: बारीक, थोड्याच अंड्यांची, टोकाला दोऱ्यासारखी शेपटी, तिला थंडीची गरज नसते. इरिसच्या पेटीतून थोडी पिल्लं निघाली म्हणून ती फेकून देऊ नका, पुढच्या वर्षापर्यंत ठेवा.

आणि पिल्लांऐवजी भलतंच निघालं तर निराश होऊ नका. पेटीच्या बाजूंना बारीक गोल भोकं दिसली तर आत परोपजीवी गांधीलमाश्या वाढल्या. पोडाग्रिऑन ही चमकदार माशी लांब नळीने फेसातून आत अंडी घालते. तिच्या मागच्या मांड्या जाड आणि दातेरी असतात. मँटिबारिया त्याहून चतुर: ती मँटिस मादीच्या अंगावर चढून बसते, स्वतःचे पंख टाकून देते, आणि मादी पेटी घालू लागली की ओल्या फेसात उतरते. पिल्लं मात्र पेटीच्या वरच्या मधल्या पट्टीतूनच निघतात, बाजूने नाही. म्हणून रिकामी जुनी पेटी हातात आली तरी पिल्लं निघाली की माश्या, हे भोकांच्या जागेवरून कळतं. तेही वहीत लिहून ठेवा.